पासपोर्टाचा तिसरा फोटो

"हनुवटी वर म्हटलं की खाली. खाली म्हटलं की आणखी खाली. दगड बसवला असता तर त्यानं तरी ऐकलं असतं की."

काळ्या कापडाखालून बसलिंगप्पा फोटोग्राफर कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं कुरकुरत होता. पण मथुराबाई त्या कापडाला खेटूनच उभ्या होत्या, त्यामुळं त्यांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी ऐकलं नाहीसं केलं. माणूस खोटं बोलत नव्हता.

नव्या पेठेतल्या त्याच्या स्टुडिओच्या छपराला काच होती आणि तिच्यातून अकराचं ऊन पिठासारखं चाळून खाली येत होतं. मागं कमळांच्या तळ्याचा रंगवलेला पडदा. त्याच्यापुढं खुर्चीवर मथुराबाईंची सून प्रेमला बसली होती. अंगावर जांभळं इरकली, डोक्यावरून पदर, दोन्ही हात मांडीवर. आणि मान खाली.

बसलिंगप्पा कापडाबाहेर आला. त्याचे केस उभे राहिले होते.

"अव्वा, तुम्ही तरी सांगा त्यांना. सरकारी फोटो हाय. सरळ माझ्याकडं बघाय लागतंय. डोकं दिसून काय उपेग?"

"प्रेमला, समोर बघ गं. मुकुंदाकडं बघतेयस असं समज," मथुराबाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली.

प्रेमलानं मान वर केली. खाडकन समोर बघितलं. बसलिंगप्पानं संधी साधून भिंगाचं टोपण काढलं, मनात आकडे मोजले, टोपण लावलं आणि म्हणाला, "झालं."

मथुराबाईंना ठाऊक होतं ती मान खाली का जायची ते. समोरून उजेड आला की सून वळायची. कंदील लावायला आली तर हात पुढं आणि तोंड मागं. पाहुणे आले तर चहाचा कप दाराआडून. ही सवय पाच वर्षांची झाली होती. घरात त्या सवयीबद्दल कुणी काही बोलत नसे.

मुकुंद त्यांचा एकुलता एक. आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करायला म्हणून अठ्ठावीस साली बोटीवर चढला, तेव्हा प्रेमला पंधरा वर्षांची होती. सासरी येऊन तिला पुरतं वर्षही झालं नव्हतं. तो गेला आणि पुढच्या चैत्रात घरी देवी आल्या. त्या घरात त्याला रोग म्हणायची प्राज्ञा नव्हती. देवी आल्या म्हणजे पाहुणी आली. दाराला कडुलिंबाचे डहाळे, चुलीवर फोडणी बंद, रोज थंड नैवेद्य, आणि पोरीच्या उशाशी बसून मथुराबाईंचं सारखं आर्जव, "आई, शांत हो. आई, लेकरू आहे." तीन आठवड्यांनी दहीभात घेऊन देवी गेल्या. प्रेमला वाचली. जाताना देवी तिच्या गालांवर, कपाळावर, नाकावर जागा न सोडता पावलं उमटवून गेल्या.

त्याबद्दल कुरकुर करायची सोय नव्हती. देवीच्या पावलांना वाईट म्हणून कसं चालेल? आल्यागेल्यानं विचारलं तर मथुराबाई म्हणत, "आईची कृपा, जीव राहिला." एवढ्यावर विषय संपायचा. बोलणं वाढायला जागाच नव्हती.

आणि मुकुंदाला लिहायचं राहून गेलं. आधी लिहिलं नाही कारण पोरगी वाचते की नाही हेच कळत नव्हतं. मग लिहिलं नाही, कारण परमुलखात एकटा आहे, उगीच जिवाला घोर. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि मथुराबाई म्हणाल्या, "आता एवढ्या दिवसांनी लिहायचं म्हणजे आधी का नाही लिहिलं तेही लिहायला पाहिजे." तिथून पुढं दर महिन्याला पत्रातून "सर्व खुशाल" जात राहिलं.

आता चौतीस साल सरत आलं होतं आणि मुकुंदाचं पत्र आलं होतं. त्याला क्वार्टर मिळाली होती. दोन खोल्या, मागं पडवी, पाण्याचा नळ. त्याच्याच कचेरीतल्या एकाची बायको दाक्षायणीबाई बाळंतपणाला अक्कलकोटला आली होती. ती मार्गशीर्षात मुंबईहून बोटीनं परत निघणार होती. तिच्यासोबत प्रेमलाला पाठवावं. त्यासाठी पासपोर्ट लागेल, तो काढून ठेवावा. अर्जासोबत दोन फोटो लागतात. तिसरा फोटो मागं मॅजिस्ट्रेटची सही घेऊन टपालानं मला आधी पाठवावा, इथल्या कचेरीत परवानगीला दाखवावा लागतो.

ही सोबत चुकली तर पुढची केव्हा, सांगता येत नव्हतं. बाईमाणसाला एकटीला कोण समुद्रावर घालणार?

*

मथुराबाईंचे यजमान रावजी मास्तर. पस्तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवलेलं, आता पेन्शनीत. कलेक्टर कचेरीतून त्यांनी पासपोर्टाचा अर्ज आणला तो इंग्रजी होता आणि प्रत्येक प्रश्नाखाली ठिपक्यांची रेघ होती. मास्तरांनी आधी शिसपेन्सिलीनं भरायचं ठरवलं, मागाहून शाई. ओसरीत चौरंगापाशी ते बसले, मथुराबाई उंबऱ्यावर बसल्या आणि आत प्रेमला भाकऱ्या थापत होती.

जन्मठिकाणाला अडचण आली नाही. जेऊर. तिचे वडील तिथंच स्टेशनवर मालधक्क्याचे कारकून. जन्मतारखेला मात्र अडलं. व्याह्यांना पत्र टाकलं, तर उत्तर आलं, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी. त्या दिवशी मद्रास मेल दोन तास लेट होती." मास्तरांनी जुनं पंचांग मिळवून त्यातून इंग्रजी तारीख काढली. मेलच्या दोन तासांचा मात्र त्यांना काही उपयोग करता आला नाही.

उंचीसाठी प्रेमलाला दाराच्या चौकटीला उभं केलं. मथुराबाईंनी तिच्या डोक्यावर पट्टी धरली, चौकटीवर खडूची खूण केली, ती आत निघून गेली, मग मास्तर उठले आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजलं. पाच फूट दीड इंच.

"डोळ्यांचा रंग," मास्तरांनी वाचलं.

"डोळ्यांचा कसला रंग? डोळ्यांसारखा."

"तसं नाही लिहिता येत. काळे, तपकिरी, निळे. काहीतरी एक."

"तुम्हाला नाही होय ठाऊक?"

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. ठाऊक नव्हतं. सासऱ्यानं सुनेच्या तोंडाकडं टक लावून बघू नये, ही रीत त्यांनी इतकी मनापासून पाळली होती की सात वर्षांत सुनेचा आवाज, पावलं आणि ताट वाढणारा हात एवढंच त्यांच्या ओळखीचं होतं.

"घारे आहेत," मथुराबाई म्हणाल्या. "उन्हात मधासारखे दिसतात."

"मधासारखे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तपकिरी लिहिलं.

मग त्यांनी पुढची ओळ मनात वाचली, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला.

"काय आहे?"

"चटकन दिसून येणारी खूण. शरीरावर. असल्यास."

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला.

बाहेर कुणीतरी घमेलं आपटलं. मास्तरांनी पेन्सिलीचं टोक बघितलं.

"एखादा तीळबीळ असेल," ते म्हणाले.

"आहे की. डाव्या कोपरावर," मथुराबाई म्हणाल्या.

मास्तरांनी तीळ लिहिला. आत भाकरीवर पुन्हा हात पडायला लागले.

बोटीसाठी देवी टोचल्याचा दाखला लागतो असं कचेरीत सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मथुराबाई सुनेला घेऊन डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी मान वर करून प्रेमलाकडं एकदा बघितलं, हातातली सुई परत डबीत ठेवली आणि टोचायची गरज नाही असा कागद लिहून दिला. का नाही ते बोलले नाहीत. यंदा थंडी लवकर पडणार, एवढं बोलले.

*

आठ दिवसांनी फोटो आले. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या तीन प्रती, वर पातळ कागद. मथुराबाईंनी कागद उचलला आणि त्यांना वाटलं, बसलिंगप्पानं दुसऱ्याच कुणाचं पाकीट दिलं.

साडी जांभळी इरकली, तीच. हात तेच, डाव्या मनगटावर गोठ. पण तोंड लोण्यासारखं. गालावर बोट ठेवलं तर घसरेल. फोटो जुना असता तर सहा वर्षांपूर्वीची प्रेमला म्हणता आली असती. पण ती तेव्हा लहान होती, आणि ही तर बाई होती. सुरेख बाई. अशी कुणी कधी या घरात नव्हती.

भांडी घासायला कुंभारीहून गोजरबाई यायची, ती हात पुसत डोकावली.

"ही कोन म्हनायची? पावनी हाय व्हय?"

गोजरबाईनं साडी बघितली. गोठ बघितले. मग चुलीपाशी बसलेल्या प्रेमलाकडं बघितलं आणि घाईघाईनं म्हणाली, "व्हय व्हय, वळकलं की. लई झाक आलाय," आणि राख न घेताच भांड्यांकडं गेली.

प्रेमला उठली. पदराला हात पुसून तिनं फोटो दोन्ही हातांत धरला आणि पुष्कळ वेळ बघत राहिली.

"छान आलाय," ती म्हणाली.

दुपारी मथुराबाईंना जाग आली तर सून खिडकीत उभी होती. उजेडात. एका हातात फोटो होता आणि दुसऱ्या हाताची बोटं गालावरून हळूहळू फिरत होती. मथुराबाईंनी परत डोळे मिटले. आवडलाय पोरीला, त्यांच्या मनात आलं. आवडणारच. पाच वर्षांत तिला तिच्याबद्दल चांगलं असं कुणी काय दाखवलं? त्याच वेळी एक बेत त्यांच्या डोक्यात आला. मुकुंदाला हाच जाऊ दे. माणूस फोटोवरून मन करतो. एकदा मन केलं आणि पोरगी तिथं जाऊन पोचली, तिच्या हातचं जेवला, चार दिवस तिचं बोलणं ऐकलं, की पुढं सगळं सुरळीत होईल. मुकुंद काही वाईट नाही. एकदा पोचली पाहिजे एवढंच.

या बेतातला "एकदा पोचली की" हा भाग त्यांनी कुणाला सांगितला नाही. नवऱ्यालाही नाही. त्यांनाही तो आपला आपण सुचलेला असावा, कारण फोटो बघून ते एवढंच म्हणाले होते, "मुकुंदाला पसंत पडेल."

*

अर्जावर आणि फोटोमागं सही करायला ओळखीचा मॅजिस्ट्रेट लागत होता. आबासाहेब ऑनररी मॅजिस्ट्रेट होते आणि मास्तरांचे शाळूसोबती. मुकुंदाच्या लग्नात त्यांनी पंगतीत स्वतः जिलबी वाढली होती. मास्तर त्यांच्या बैठकीत बसले, मथुराबाई आत त्यांच्या घरच्यांपाशी. पण बसल्या त्या बैठकीच्या दाराला पाठ लावूनच.

आबासाहेबांनी अर्ज वाचला, मान डोलावली. मग फोटो पालथा केला, टाक शाईत बुडवला आणि लिहायचं वाक्य अर्जातून मोठ्यानं वाचून मराठी करून सांगितलं. त्यांना तशी सवय होती.

"म्हणजे असं की, हा फोटो अर्जदार बाईंचाच असून हुबेहूब आहे असं मी जातीनं ओळखून लिहून देतो."

टाक वर राहिला. आबासाहेबांनी फोटो सुलटा केला. बघितला. पालथा केला. परत सुलटा केला. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला तसा त्यांनी तो दौतीच्या काठाला पुसला.

"मास्तर, उजेड जरा जास्त पडलाय का हो?"

"असेल. काचेचं छप्पर आहे त्याचं," मास्तर म्हणाले.

"तेच. छप्पर. काचेच्या छपराचं असंच होतं."

"ऊनही होतं त्या दिवशी."

"ऊन कडक होतं. बरोबर आहे."

दोघं उन्हाबद्दल थोडं बोलले. आत मथुराबाईंच्या हातातली सुपारी कातरायची राहिली होती.

"गोषातल्या बायकांना म्हणे फोटो माफ असतो," आबासाहेब म्हणाले. "असं ऐकतो. आपलं सहज सांगितलं."

"आमच्यात गोषा नाही."

"नाही, नाही. ते आहेच." आबासाहेबांनी फोटो पाकिटात ठेवून ते मास्तरांच्या बाजूला हलकेच सरकवलं. "एकदा परत काढून घ्या. कमी उजेडात. मी नाही म्हणत नाही, पण माझी सही पुढं मुंबईला जाते. तिथं बंदरावर कुणी गोरा साहेब फोटो आणि माणूस शेजारी धरून बघतो. त्याला आपल्या छपराचं कसं समजणार? आणि सूनबाईंना घेऊन या येताना. माझ्यासमोर सही करावी लागते त्यांना."

येताना वाटेत मिलचा भोंगा झाला. भोंगा झाल्यावर मास्तर म्हणाले, "उजेडच जास्त होता." मथुराबाई म्हणाल्या, "हो."

*

दुसऱ्या खेपेला मथुराबाई एकट्याच आधी बसलिंगप्पाकडं गेल्या.

"तुम्ही त्या फोटोला काय केलं होतं?"

तो खुशीत आला. त्यानं त्यांना आतल्या खोलीत नेलं. खिडकीला एक उतरती फळी लावली होती, तिच्यावर काळी काच. काचेत माणसाचं तोंड उलटं दिसत होतं, पांढऱ्याच्या जागी काळं. शेजारी सुईसारख्या टोकाच्या पेन्सिली मांडल्या होत्या.

"हे बघा अव्वा. इथं खड्डा असला की ह्या पेन्सिलीनं भरायचा. एवढा एवढा. मुंगीच्या पावलागत. तुमच्या सुनेला चार दिवस लागले मला. डोळे गेले माझे." आणि मग, थोडं थांबून, "मी न विचारता केलं. लग्नाच्या पोरींना करतो तसं. वाटलं, करावं."

मथुराबाईंना त्याचा राग आला नाही. काचेवर चार दिवस मान मोडून बसलेला तो माणूस त्यांना एकदम आपल्यातलाच वाटला. त्यांनी तरी पाच वर्षं दुसरं काय केलं होतं?

"आता परत काढायचा. पेन्सिल न लावता."

"अजिबात न्हाय?"

"अजिबात नाही. सरकारला चालत नाही."

बसलिंगप्पानं पेन्सिली गोळा केल्या. "वीस वर्षं धंदा करतो. जसं हाय तसं तोंड मागाय आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक," तो पुटपुटला. पण फोटो काढायच्या दिवशी त्यानं छपराखालचा पांढरा पडदा ओढून घेतला आणि उजेड मऊ केला. या वेळी प्रेमलाला हनुवटीबद्दल काही सांगावं लागलं नाही. ती आपण होऊन समोर बघत बसली.

नवे फोटो आले ते संध्याकाळी मथुराबाईंनी देवघरापाशी बसून बघितले. व्रण होते. सगळे होते. कपाळावरचा मोठा, कुंकवाला लागूनचा, तोही होता. आणि त्यांच्यातून प्रेमला बघत होती. ताप उतरल्यावर पहिल्यांदा "आत्याबाई, भूक लागली" म्हणाली होती ती. मास्तरांच्या पत्राखाली दोन ओळी लिहायला मिळाव्यात म्हणून मथुराबाईंच्या शेजारी पाटी घेऊन बसलेली ती. मथुराबाईंनाही बालबोध लिपी तेव्हाच तिच्यासोबत आली होती. सासूसुना एकमेकींच्या चुका काढत शिकल्या होत्या. तो फोटो त्यांना पाकिटात घालवेना.

तरी त्यांनी पाकिटं दोन केली. एकात अर्ज आणि दोन खरे फोटो. दुसऱ्यात मुकुंदाच्या नावचं पत्र आणि पहिला, लोण्याचा. सरकारला जे पाहिजे ते सरकारला, मुलाला जे पाहिजे ते मुलाला. ही वाटणी त्यांना त्या संध्याकाळी रास्त वाटली, निदान दिवा लावेपर्यंत तरी. पुढं त्यांनी विचार केला नाही. सोबत वीस दिवसांवर आली होती.

*

आबासाहेबांच्या बैठकीत या वेळी प्रेमला जाजमाच्या कडेला बसली. मथुराबाई दाराशी, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर.

आबासाहेबांनी तिच्यापुढं अर्ज ठेवला. तिनं बालबोधीत नाव लिहिलं, सावकाश, रेघ न चुकवता. नावाखाली तारीख घालावी की नाही ते विचारलं. आबासाहेब म्हणाले, "मी घालतो." मग त्यांनी अर्ज वरपासून तपासला आणि खुणेच्या ओळीवर थांबले.

"डाव्या कोपरावर तीळ," त्यांनी वाचलं. "मास्तर, कोपर पदराखाली असतं. इथं चटकन दिसणारी म्हटलंय."

मास्तर जाजमाची घडी सारखी करू लागले. आबासाहेबांनी वाट बघितली. मग टाक घेऊन तिळाच्या शेजारी त्यांनी आपण होऊन तीन-चार शब्द लिहिले, इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि अर्ज मास्तरांकडं वळवला. मास्तरांनी वाचून मान हलवली. मोठ्यानं कुणी वाचलं नाही. इंग्रजीची तेवढी सोय होती.

दोन्ही खऱ्या फोटोंमागं आबासाहेबांनी भराभर लिहिलं. हुबेहूब असल्याचं लिहून लफ्फेदार सही केली, टिपकागद दाबला. त्यांना हायसं वाटलं ते दिसत होतं.

"झालं. उद्याच कचेरीत देऊन टाका. पंधरवड्यात यायला हरकत नाही."

"आणखी एक आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दुसरं पाकीट काढलं. "मुकुंदाला पाठवायचाय. तिकडच्या परवानगीसाठी. ह्याच्या मागंही सही पाहिजे म्हणतो तो."

आबासाहेबांनी फोटो बघितला.

"हा पहिला दिसतो."

"हो. म्हणजे, असं आहे, एक शिल्लक होता."

"नव्यातला नाही का एखादा?"

"आहे. पण हा जरा उजेडाला बरा आहे," मास्तर म्हणाले आणि पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले.

आबासाहेबांनी दाराकडं बघितलं. मथुराबाई पुरुषांच्या बैठकीत सहसा बोलत नसत. पण इथवर आणलेला बेत त्यांना सोडवेना.

"आबासाहेब, घरच्या घरात जायचा फोटो आहे हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांदेखतच वाढला ना मुकुंद? सही तेवढी करा. पोरगी एकदा जाऊन पोचू दे."

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला. जुन्या ओळखीला नाही म्हणणं त्यांना कोर्टात जमायचं, बैठकीत जमत नसे. त्यांनी फोटो पालथा केला आणि टाक दौतीत बुडवला.

"काका, सही करू नका."

आवाज मोठा नव्हता. मथुराबाईंना आधी वाटलं, आतून कुणी बोललं. मग त्यांनी बघितलं तर प्रेमलानं हात लांब करून तो फोटो आबासाहेबांच्या पुढ्यातून ओढून घेतला होता आणि मांडीवर पालथा धरला होता. तिचा पदर डोक्यावरून मागं आला होता, तो तिनं सावरला नाही. दारातला सगळा उजेड तिच्या तोंडावर होता. मास्तर मान वर करून सुनेकडं बघत होते. आपण बघतो आहोत हे त्यांच्या ध्यानात नसावं.

"प्रेमला, अगं," मथुराबाई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठीच करताय, आत्याबाई. मला कळतंय. पहिल्या दिवसापासून कळतंय. भाकरी थापताना मला ऐकू येतं सगळं." तिनं मांडीवरचा फोटो उचलून धरला. "हा फोटो हातात घेऊन ते बंदरावर उभे राहतील. बोटीतून बायका उतरतील, त्यांत ते या बाईला शोधतील. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहीन, तरी ते माझ्या मागं बघत राहतील."

आबासाहेबांच्या टाकावरचा थेंब कोऱ्या टिपकागदावर पडला आणि पसरला.

"माझ्या तोंडावर देवीचे व्रण आहेत," प्रेमला म्हणाली, "आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही नाही, मामंजींनी नाही, मीपण नाही. मला बघून त्यांनी नको म्हटलं, तर समुद्रापलीकडं मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहू, आत्याबाई? नव्यातला पाठवा. सोबत चुकली तर चुकू दे, पण त्यांना नको म्हणायचं असलं तर आत्ता म्हणू दे. मी इथं तुमच्याजवळ आहे तोवर म्हणू दे."